फोन, स्वतंत्र म्युझिक प्लेअर आणि हेडफोन: आवाजातला फरक कुठे पडतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांकडे हेडफोनचा जॅक नसलेला अलीकडचा फोन आहे आणि लॉसलेस, म्हणजे मूळ माहिती न गमावणाऱ्या, स्ट्रीमिंगची वर्गणी आहे. ऐकण्यासाठी ३०० ओहमचा वायरचा मोठा हेडफोन, कानात बसणारा एक अतिसंवेदनशील इअरफोन आणि प्रवासात वापरायचा ब्लूटूथ हेडफोन अशी तीन साधने आहेत. केवळ संगीतासाठी बनवलेला पोर्टेबल प्लेअर घेतला तर आवाजाचा दर्जा खरोखर सुधारेल, की तो मनाचा समज ठरेल, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

तिन्ही साधनांसाठी उत्तर वेगवेगळे आहे, आणि ते तसे का आहे हे एकदा समजले की प्लेअर घ्यावा की नाही हे जाहिराती न वाचताही ठरवता येते. ध्वनियंत्रांची मोजमापे आणि दुरुस्ती करताना मला वारंवार दिसत आलेली गोष्ट अशी की, फोन आणि प्लेअर यांच्यातला कानाला जाणवण्याजोगा फरक डिजिटल आकड्यांचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या चिपमुळे, म्हणजे डॅकमुळे, फारच क्वचित पडतो. तो बहुतेक वेळा त्याच्या पुढच्या टप्प्यात, म्हणजे यंत्रातला अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन यांची गाठ जिथे पडते तिथे, निर्माण होतो. खरेदी करताना मात्र लोक नेमकी चिपच्या नावाचीच चौकशी करतात आणि बाकीचे आकडे विचारायचे राहून जातात.

आधी त्या चिपचाच विषय संपवू. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट हे प्रमाण ठरवले गेले, त्यामागे ठोस गणित होते. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापेक्षा कमी वारंवारतेचा कोणताही संकेत त्या नमुन्यांतून पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो, हे नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या कामातून त्याआधीच प्रस्थापित झाले होते. माणसाच्या श्रवणाची वरची मर्यादा, तीही तरुण आणि निरोगी कानाची, २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येत जाते. पन्नाशीनंतर १५ किलोहर्ट्झच्या वरचे ऐकू येणारे लोक थोडेच. १६ बिटांमुळे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आवाज यांच्यात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते, आणि शांत खोलीतही पार्श्वभूमीचा आवाज २५ ते ३० डेसिबल असतो हे लक्षात घेतले, तर ऐकण्यासाठी हे अंतर पुरून उरते.

याहून उच्च दर्जाच्या, म्हणजे २४ बिट आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या ध्वनिमुद्रणांनी काही फरक पडतो का, याच्या चाचण्याही झालेल्या आहेत. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उच्च दर्जाचा ध्वनी थेट आणि सीडीच्या प्रमाणातून गाळून असा दोन्ही प्रकारे ऐकवला गेला, आणि ५५४ चाचण्यांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून मिळाले असते तितकेच. पुढे २०१६ मध्ये याच नियतकालिकात राइस यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण मांडले, त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले आणि प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांमध्ये ते अधिक आढळले. म्हणजे फरक असलाच तर तो अतिशय बारीक आहे, आणि त्यासाठी नवे यंत्र घेण्यापूर्वी ज्या ढोबळ गोष्टी बिघडलेल्या असू शकतात त्या तपासणे शहाणपणाचे आहे.

आजच्या फोनमधली किंवा फोनला जोडायच्या छोट्या अ‍ॅडॅप्टरमधली डॅक चिप या कसोटीवर सहज उतरते. अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिलिमीटर हा बोटभर अ‍ॅडॅप्टर स्वतंत्र मोजमापांमध्ये उत्तम ठरलेला आहे. त्यात गोंगाट आणि विकृती मिळून मूळ संकेताच्या सुमारे ९९ डेसिबल खाली राहतात. महागड्या प्लेअरमध्ये हा आकडा ११० किंवा त्याहून पुढे जातो, कागदावर तो उठून दिसतो आणि अभियंत्याला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे, पण संगीत चालू असताना त्या दोहोंतला फरक कानाला कळत नाही. ‘मोठी चिप म्हणजे मोकळा आवाज’ हे समीकरण म्हणून मी मान्य करत नाही.

आता मुख्य मुद्दा. हेडफोनला किती विद्युतदाब लागतो हे त्याच्या दोन आकड्यांवर ठरते: इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा ओहममधला विरोध, आणि संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक दाबाला किंवा शक्तीला तो किती मोठा आवाज देतो. उत्पादक संवेदनशीलता कधी एका व्होल्टला, तर कधी एका मिलिवॉटला सांगतात. दोन हेडफोनची तुलना करताना हे एकक न पाहिल्यामुळे निष्कर्ष पार उलटे निघतात. ३०० ओहमच्या वर्गातले परिचित उदाहरण म्हणजे सेनहायझरचा एचडी ६५०. त्याची घोषित संवेदनशीलता एका व्होल्टला १०३ डेसिबल आहे, आणि जॅक असलेले चांगले फोन किंवा वर सांगितलेला अ‍ॅडॅप्टर साधारण एक व्होल्टपर्यंत दाब देतात. म्हणजे पूर्ण आवाज केला तर या हेडफोनमधून सर्वोच्च क्षणी १०३ डेसिबल मिळतील.

हे पुरेसे आहे का? आधुनिक पॉप किंवा चित्रपट संगीतात सरासरी पातळी सर्वोच्च क्षणांच्या आठ-दहा डेसिबलच खाली असते, त्यामुळे तिथे ते पुरेसेच नव्हे, तर कानाला घातक इतके आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलच्या सरासरी पातळीवर आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, आणि पातळी वाढली की हा वेळ झपाट्याने कमी होतो. पण वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी आणि सर्वोच्च यांच्यात २० डेसिबल किंवा त्याहून अधिक अंतर असू शकते. अशा वेळी १०३ डेसिबलच्या छताखाली सरासरी ८३ वर येते आणि काही श्रोत्यांना हवा तो भरदार क्षण मिळत नाही. त्या क्षणांना ११० डेसिबलपर्यंत जागा द्यायची असेल तर सात डेसिबल अधिक, म्हणजे सुमारे २.२ व्होल्ट लागतात. बऱ्याच स्वतंत्र प्लेअरच्या साध्या जॅकवर दोन व्होल्टच्या आसपास आणि ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला पूर्ण स्वतंत्र तारांनी संकेत देणाऱ्या, जॅकवर चारच्या आसपास दाब मिळतो, आणि तिथे प्लेअरचा फायदा खरा आहे. लक्षात घ्यावे की ३०० ओहमवर २.२ व्होल्ट म्हणजे अवघे १६-१७ मिलिवॉट. इथे कमी पडतो तो दाब. शक्ती फारशी लागतच नाही.

याच्या उलट टोकाचे हेडफोनही आहेत. हायफायमॅनचा एचई-६ हा प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याने आवाज निर्माण करणारा, हेडफोन ५० ओहमचा आहे आणि एका मिलिवॉटला केवळ ८३.५ डेसिबल देतो. त्याच्याकडून ११० डेसिबलचे क्षण हवे असतील तर जवळपास ४५० मिलिवॉट, म्हणजे पावणेपाच व्होल्टच्या आसपास दाब आणि ९५ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. हे फोनच्या आवाक्याबाहेरचे तर आहेच, पण खिशातल्या अनेक प्लेअरनाही ते झेपत नाही. असा हेडफोन टेबलावरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठीच असतो.

दाबाच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. श्रवणसंरक्षणासाठीच्या ईएन ५०३३२ या युरोपीय मानकानुसार वैयक्तिक प्लेअरचा जॅकवरचा सरासरी दाब १५० मिलिव्होल्टपर्यंत मर्यादित ठेवला जातो. या मर्यादेत बनवलेल्या यंत्रावर वरचा ३०० ओहमचा हेडफोन लावला तर सरासरी पातळी ८६-८७ डेसिबलच्या वर जात नाही. अ‍ॅपलच्या त्याच अ‍ॅडॅप्टरच्या युरोपीय आवृत्तीचा कमाल दाबही मूळ आवृत्तीच्या साधारण निम्मा आहे. ‘माझ्या फोनवर हा हेडफोन हळू वाजतो आणि मित्राच्या त्याच फोनवर मोठ्याने’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा केवळ हेच कारण असते. शिवाय अनेक अँड्रॉइड फोनवर हा अ‍ॅडॅप्टर त्याच्या अंतर्गत आवाजाच्या कमी पातळीवरच अडकून राहतो, कारण फोन स्वतःचाच आवाज कमी-जास्त करतो आणि अ‍ॅडॅप्टरमधली पातळी वर उचलत नाही. तेव्हा अ‍ॅडॅप्टर दुबळा आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तो दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर लावून पाहावा.

कानात बसणाऱ्या अतिसंवेदनशील इअरफोनची गोष्ट याच्या अगदी विरुद्ध आहे. तिथे दाब मुबलक असतो आणि अडचण येते ती दोन ठिकाणी: यंत्राचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स आणि त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचा सूक्ष्म गोंगाट.

आउटपुट इम्पिडन्सचे महत्त्व असे. एकापेक्षा अधिक ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे भाग, असलेल्या इअरफोनचा इम्पिडन्स सर्व वारंवारतांना सारखा नसतो. खालच्या सुरांना तो १० ओहम असेल, तर मधल्या किंवा वरच्या भागात ६० वर जाऊ शकतो. यंत्राच्या आतला इम्पिडन्स आणि इअरफोनचा इम्पिडन्स हे दोघे मिळून दाब वाटून घेतात. यंत्राचा इम्पिडन्स एक ओहम असेल तर १० आणि ६० ओहमच्या जागांमध्ये केवळ ०.७ डेसिबलचा फरक पडतो. तोच २२ ओहम असेल तर फरक ७ डेसिबलच्या वर जातो, म्हणजे त्या इअरफोनचा स्वभावच बदलतो. २२ हा आकडा मी कल्पनेने घेतलेला नाही. अ‍ॅस्टेल अँड कर्न या कंपनीचा २०१२ मधला एके१०० हा प्लेअर आजच्या प्रतिष्ठित पोर्टेबल प्लेअरच्या पिढीचा आरंभ मानला जातो, आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स २२ ओहम होता. पुढच्या आवृत्तीत तो ३ ओहमवर आणला गेला. त्याच काळातले कित्येक साधे फोन अशा इअरफोनसाठी या बाबतीत अधिक योग्य होते. यंत्र संगीतासाठीच बनवलेले आहे म्हणजे ते प्रत्येक हेडफोनशी जुळेलच असे गृहीत धरता येत नाही. सर्वसाधारण नियम म्हणून यंत्राचा इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, आणि बहुड्रायव्हर इअरफोनसाठी तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असलेला उत्तम. ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र यंत्राच्या दहा-वीस ओहमांनी काहीही बिघडत नाही.

दुसरी अडचण गोंगाटाची. शूरचा एसई८४६ हा इअरफोन ९ ओहमचा असून एका मिलिवॉटला ११४ डेसिबल देतो. हे व्होल्टमध्ये मांडले तर एका व्होल्टला १३४ डेसिबलपेक्षा जास्त भरते. आता एखाद्या यंत्राच्या जॅकवर काहीही न वाजवता तीन मायक्रोव्होल्टचा गोंगाट असेल तर या इअरफोनमध्ये तो सुमारे २४ डेसिबलचा ‘स्स्स’ असा सततचा आवाज बनतो. इअरफोनच्या रबरी टोपीने बाहेरचे जग बंद झालेले असताना तानपुऱ्यावरचा पहिला षड्ज लागण्याआधीची शांतता किंवा एकट्या पियानोच्या स्वरांमधली जागा यांत तो स्पष्ट ऐकू येतो. गोंगाट एक मायक्रोव्होल्टवर आला तर तोच आवाज १५ डेसिबलच्या खाली जातो आणि व्यवहारात नाहीसा होतो. चांगले प्लेअर आणि चांगले अ‍ॅडॅप्टर या बाबतीत जुन्या फोनच्या जॅकपेक्षा खरोखर सरस असतात. पण भरपूर शक्तीची जाहिरात करणाऱ्या प्लेअरमध्ये हा गोंगाट अनेकदा वाढलेला सापडतो, कारण अधिक दाब देण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरचे प्रवर्धन, म्हणजे गेन, वाढवलेले असते आणि संकेताबरोबर गोंगाटही वाढतो. म्हणून ‘हाय गेन’ आणि ‘लो गेन’ असा पर्याय असलेल्या प्लेअरवर इअरफोनसाठी नेहमी ‘लो गेन’ वापरावा.

फोनच्या आतल्या रेडिओचाही उल्लेख करायला हवा. दुसऱ्या पिढीच्या जीएसएम जाळ्यावर फोन तुटक तुटक प्रक्षेपण करत असे आणि त्यामुळे जवळच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २१७ हर्ट्झची ओळखीची ‘डर्र’ येई. नव्या जाळ्यांवर हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे, तरीही वायरच्या अ‍ॅडॅप्टरवर तो क्वचित जाणवतो. विमान मोड लावून आवाज गेला तर कारण तेच. स्वतंत्र प्लेअरमध्ये मोबाइलचा रेडिओ नसल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

आवाजाच्या पायऱ्यांकडे फार कमी लोक लक्ष देतात, पण रोजच्या वापरात मला ती मोठी बाब वाटते. आयफोनवर आवाजाच्या १६ पायऱ्या असतात आणि अँड्रॉइडवर मूळ प्रमाण १५ पायऱ्यांचे आहे, जरी काही उत्पादक त्या वाढवतात. अतिसंवेदनशील इअरफोन लावला की पहिली पायरीच रात्रीच्या ऐकण्यासाठी मोठी वाटते आणि दुसरी फारच मोठी. प्लेअरमध्ये अर्धा-अर्धा डेसिबलने सरकणाऱ्या शंभराहून अधिक पायऱ्या मिळतात आणि हवी ती पातळी मिळते. कित्येकांना प्लेअरचा आवाज ‘निवांत’ वाटतो, त्याचे एक कारण हेही असावे. यावर फोनमध्येही उपाय आहे: इक्वलायझर असलेल्या अ‍ॅपमध्ये एकंदर पातळी दहा-बारा डेसिबलने उतरवली की पायऱ्यांचा उपयोगी भाग मोठा होतो.

यूएसबी-सी जॅकबाबत खरेदीआधी एक खातरजमा करावी. काही फोन त्या छिद्रातून तयार ॲनालॉग संकेत बाहेर देतात, त्यामुळे त्यांना नुसत्या तारांचा अ‍ॅडॅप्टरही चालतो. बाकीचे फक्त डिजिटल माहिती देतात, आणि त्यांना आत डॅक असलेलाच अ‍ॅडॅप्टर लागतो. दोन्ही अ‍ॅडॅप्टर दिसायला सारखेच असतात. डॅक असलेला अ‍ॅडॅप्टर घेतला की फोनच्या आतल्या ध्वनिचिपचा दर्जा हा प्रश्नच उरत नाही, कारण रूपांतर आणि प्रवर्धन दोन्ही बाहेर होते. आयफोन ७ मधून २०१६ मध्ये जॅक गेला तेव्हा पुष्कळ आरडाओरड झाली; मोजमापांच्या दृष्टीने पाहिले तर त्यातून निघालेले छोटे अ‍ॅडॅप्टर आधीच्या अनेक फोनच्या जॅकपेक्षा चांगले निघाले. गैरसोय मात्र खरीच आहे.

सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात. अँड्रॉइडची ध्वनियंत्रणा सर्व अ‍ॅपचे आवाज एकत्र मिसळते आणि त्यासाठी बहुतेक वेळा ते ४८ किलोहर्ट्झवर आणते. ४४.१ वरून ४८ वर जाणारे हे रूपांतर आजच्या फोनमध्ये इतके व्यवस्थित होते की ते ऐकून ओळखणे कठीण आहे. ज्यांना तेही नको असेल त्यांच्यासाठी अँड्रॉइड १४ मध्ये यूएसबी डॅककडे मूळ माहिती न बदलता पाठवण्याची सोय आली आहे, पण ती वापरणारे अ‍ॅप लागते. बरेच प्लेअरही आतून अँड्रॉइडवरच चालतात हे विसरू नये. त्यातले काही ही मिसळयंत्रणा टाळतात, काही टाळत नाहीत. खरा बिघाड करतात ते फोनमध्ये मुळापासूनच चालू ठेवलेले ‘सराउंड’, ‘बास बूस्ट’ किंवा तत्सम परिणाम. ते बंद करणे ही फोनचा आवाज सुधारण्याची फुकट आणि सर्वांत परिणामकारक कृती आहे.

फाइलच्या दर्जाबाबत आता वाद फारसा उरलेला नाही. सीडीच्या संकुचित न केलेल्या माहितीचा दर सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. फ्लॅकसारख्या लॉसलेस पद्धतीत ती माहिती एक कणही न गमावता लहान जागेत बसते. फ्लॅक २००१ पासून उपलब्ध आहे आणि मुक्त आहे. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये लॉसलेस सेवा सुरू केली, स्पॉटिफायने २०२५ मध्ये. एमक्यूए नावाच्या पद्धतीचा काही वर्षे मोठा गाजावाजा झाला आणि तिचे चिन्ह मिरवणारे कितीतरी प्लेअर विकले गेले, पण एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली आणि तिचा वापर करणाऱ्या टायडल या स्ट्रीमिंग सेवेने २०२४ मध्ये फ्लॅकचा मार्ग धरला. जुन्या साठ्यातला प्लेअर या चिन्हासाठी अधिक किंमत देऊन घेण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथबद्दल सर्वांत अधिक गैरसमज दिसतात. ब्लूटूथ हेडफोन वापरताना डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर हे दोन्ही हेडफोनच्या आत असतात. फोन किंवा प्लेअर केवळ डिजिटल माहिती संकुचित करून हवेतून पाठवतो, त्यामुळे प्लेअरमधली नामांकित चिप, तिचा स्वतंत्र वीजपुरवठा, बॅलन्स्ड जॅक यांतले काहीही त्या वेळी वापरात नसते. फरक उरतो तो कोडेकचा, म्हणजे ध्वनी संकुचित करण्याच्या पद्धतीचा. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच कोडेक पाठवतो. सोनीने २०१५ मध्ये आणलेला एलडॅक अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून बहुतेक फोनमध्ये मिळतो आणि सेकंदाला ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट या दरांनी चालतो. गर्दीच्या ठिकाणी तो आपोआप खालच्या दरावर येतो. हा सर्वोच्च दरसुद्धा सीडीच्या मूळ दरापेक्षा कमी आहे, तरी चांगल्या रीतीने केलेला २५६ किलोबिटचा एएसी आणि मूळ ध्वनी यांतला फरक बहुतेक श्रोत्यांना आंधळ्या चाचणीत सांगता येत नाही. सारांश असा की ब्लूटूथसाठी प्लेअर विकत घेण्याचे ध्वनीच्या दृष्टीने कोणतेही कारण मला दिसत नाही.

मग इतक्या लोकांना प्लेअरचा आवाज अधिक चांगला का वाटतो? काहींच्या बाबतीत वरील खरी कारणे असतात. उरलेल्यांच्या बाबतीत तुलना करताना आवाजाची पातळी समान नसते. एक डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला ‘मोठा’ असा वाटत नाही. तो अधिक स्पष्ट, अधिक भरीव, अधिक जवळचा वाटतो. दोन यंत्रांवर दोन वेगळी अ‍ॅप असतील तर त्यांचे पातळी समान करण्याचे नियमही वेगळे असतात आणि गफलत आणखी वाढते.

ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे आहे त्यांनी एकच फाइल दोन्ही यंत्रांवर ठेवावी, पातळी समान करण्याची सोय आणि सर्व ध्वनिपरिणाम बंद करावेत, आणि ३०० हर्ट्झच्या आसपासचा एक सलग सूर वाजवून हेडफोन जोडलेल्या अवस्थेत जॅकवरचा दाब मल्टिमीटरने मोजावा. साधे मल्टिमीटर उच्च वारंवारतेला चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून सूर खालचाच घ्यावा. फोनच्या पायऱ्या जाड असल्यामुळे फोन एका जागी ठेवून प्लेअरच्या बारीक पायऱ्यांनी त्याच्याशी जुळवावे. एक टक्क्याच्या आत दाब जुळला की पातळी ०.१ डेसिबलच्या आत आली असे समजावे. त्यानंतर दुसऱ्या कोणीतरी, कोणते यंत्र लावले हे न सांगता, दहा वेळा अदलाबदल करावी. दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा ओळख बरोबर आली तर ती केवळ नशिबाने येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास राहते, आणि मग फरक खरा मानायला हरकत नाही. सहा-सात वेळा बरोबर येणे हा पुरावा नव्हे. बहुड्रायव्हर इअरफोन आणि अधिक इम्पिडन्सचे यंत्र असेल तर नऊ-दहा सहज येतात. चांगला अ‍ॅडॅप्टर आणि चांगला प्लेअर यांच्यात मी तसे होताना क्वचितच पाहिले आहे.

दोन हेडफोनमधला फरक आणि दोन यंत्रांमधला फरक यांच्या आकाराचीही जाणीव ठेवावी. चांगल्या फोनचा किंवा अ‍ॅडॅप्टरचा प्रतिसाद, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज मिळतो ते, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत अर्ध्या डेसिबलच्या आत सपाट असतो. दोन नामांकित हेडफोनमध्ये मात्र तीन किंवा आठ किलोहर्ट्झच्या भागात पाच ते दहा डेसिबलचा फरक असणे नित्याचे आहे. श्रोत्यांना कोणता प्रतिसाद भावतो यावर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून केलेल्या कामातून एक लक्ष्यरेषा पुढे आली. आपल्या हेडफोनची मोजमापे मिळवून फोनमधल्या पॅरामेट्रिक इक्वलायझरने तो त्या रेषेच्या जवळ आणला, तर ऐकण्यात पडणारा फरक कोणत्याही प्लेअरने पाडलेल्या फरकापेक्षा मोठा असतो. रेषा सर्वांनाच आवडते असे नाही. खर्ज तिच्यापेक्षा थोडा कमी असलेला मला स्वतःला बरा वाटतो.

प्लेअर घेण्याची ध्वनीबाहेरची कारणेही असतात आणि ती कमी प्रतीची मानू नयेत. संगीताचा मोठा संग्रह मेमरी कार्डावर ठेवता येतो, जी सोय बहुतेक फोनमधून गेली आहे. आवाजाचे चक्र आणि गाणी बदलण्याची बटणे खिशातूनच चाचपता येतात, फोनची बॅटरी शिल्लक राहते आणि ऐकताना मध्येच कोणाचा फोन येत नाही. पण अँड्रॉइडवरच्या प्लेअरना नव्या आवृत्त्या क्वचितच मिळतात, त्यामुळे तीन-चार वर्षांत स्ट्रीमिंगची अ‍ॅप त्यांच्यावर अडखळू लागतात. बॅटरी बदलणेही बहुधा सोपे नसते. व्हॅक्यूम ट्यूब किंवा नेहमीच्या डॅक चिपऐवजी रोधांची शिडी वापरणारे प्लेअर आवाजाला मुद्दाम थोडा रंग देतात. तो रंग आवडत असेल तर जरूर घ्यावेत, मात्र त्याला अधिक अचूकता म्हणू नये.

आता विचारणाऱ्यांच्या तीन साधनांकडे येतो. ब्लूटूथ हेडफोनसाठी काहीही घेऊ नये; अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमध्ये कोणता कोडेक चालू आहे तेवढे पाहावे. इअरफोनसाठी आउटपुट इम्पिडन्स एक ओहमच्या आसपास आणि गोंगाट दोन मायक्रोव्होल्टच्या आत असलेला डॅकचा अ‍ॅडॅप्टर घ्यावा, आणि तो लावून रात्री, शांत खोलीत, काहीही न वाजवता ‘स्स्स’ ऐकू येतो का हे तपासावे. ३०० ओहमच्या हेडफोनवर हाच अ‍ॅडॅप्टर आधी लावून आपल्याकडच्या सर्वांत हळू ध्वनिमुद्रणावर आवाज किती टक्क्यांवर ठेवावा लागतो ते पाहावे. ऐंशीच्या खाली भागत असेल तर विषय तिथेच संपला. पूर्ण आवाज करूनही कमी पडत असेल तर आधी दोन व्होल्ट किंवा अधिक देणारा मोठा अ‍ॅडॅप्टर वापरून पाहावा. तो फोनची बॅटरी भराभर खातो हे पटले नाही, किंवा संग्रह कार्डावर ठेवायचा असेल, तर प्लेअर घ्यावा. तो घेताना विक्रेत्याकडे चिपचे नाव विचारण्याऐवजी तीन आकडे मागावेत: आउटपुट इम्पिडन्स, ‘लो गेन’वरचा गोंगाट मायक्रोव्होल्टमध्ये, आणि ३०० ओहमवर मिळणारा कमाल दाब व्होल्टमध्ये. यातला एकही आकडा जिथे छापलेला नाही, तो प्लेअर इअरफोन लावून ऐकल्याशिवाय घेऊ नये.